पाहुण्यांसाठी मागचे दार

दुसऱ्याच्या घराच्या भिंतीत दार पाडण्याचा मला काही अनुभव नव्हता. माझे शिक्षण रसायनशास्त्रातले, नोकरी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतली, आणि भिंतींशी संबंध एवढाच की त्यांच्यावर तक्ते टांगलेले असत. तरीही भंडारा जिल्ह्यात, आंबागडच्या किल्ल्यापासून पायी अर्ध्या तासावर असलेल्या एका गावात, एका विणकराच्या घराला आज जे मागचे दार आहे ते माझ्यामुळे आहे. गावाचे नाव मी सांगत नाही. दाराचा विषय निघाला की तिथे अजून दोन तट पडतात, आणि दोन्ही तटांत माझी माणसे आहेत.

लांबच्या प्रवासाला एकट्या निघालेल्या बाईला परवडेल अशी एक सोय हल्ली पुष्कळ ठिकाणी असते. एखाद्या हॉस्टेलमध्ये रोज काही तास काम करायचे आणि त्या बदल्यात पलंग आणि जेवण घ्यायचे. याला स्वयंसेवा म्हणतात. मी याआधी डोंगरातल्या एका हॉस्टेलमध्ये चादरी धुतल्या होत्या, समुद्रकाठच्या एकात खिडक्या रंगवल्या होत्या, आणि दोन्हीकडून 'नीटनेटके काम' असा शेरा मिळवला होता. हे बढाई म्हणून सांगत नाही. पुढे माझी जी अवस्था झाली ती कोणत्या उंचीवरून झाली, हे वाचकांना कळावे म्हणून सांगते.

इथले हॉस्टेल करुणाने काढले होते. करुणा घरची सून. नवरा धर्मेंद्र वरठीला कारखान्यात, तो रविवारी मोटारसायकलवर यायचा आणि बहुतेक झोपायचा. घरचे हातमाग बंद पडले होते. विणकराचा पाय ज्यात असतो ते मागाखालचे खड्डे बुजवून करुणाने त्या लांबलचक खोलीत सहा पलंग टाकले, मच्छरदाण्या लावल्या, इंटरनेटवर फोटो टाकले. किल्ला पाहायला, जंगलात फिरायला येणारी माणसे इथे उतरतील असा तिचा हिशेब होता, आणि तो अजिबात चुकीचा नव्हता. माणसे येत होती. अडचण त्यापुढे होती, आणि ती अंगणात बसत असे.

तिचे नाव रंभाबाई. करुणाच्या सासूबाई. घरचे माग थांबले तरी त्या दुसऱ्या विणकरांसाठी चरख्यावर दोरा भरून देतात. मी पाठीवरची बॅग उतरवली तेव्हा त्यांचा चरखा चालूच होता.

"कोन्या गावची व बाई तू?"

"सांगलीची."

"लय दूर. तुही मावशी, आत्या, कोनी इकडे दिली आहे का? नागपूर, गोंदिया, तुमसर?"

प्रश्न विचारला की अचूक उत्तर द्यायचे, ही मला लागलेली सवय. मी म्हणाले, "माझ्या मावसबहिणीची नणंद तुमसरला दिली आहे."

"आडनाव?"

मी आडनाव सांगितले. चरखा थांबला.

"अवं, ते तं आमच्या गोदावरीबाईच्या दिराची सून." त्यांनी मान स्वयंपाकघराकडे वळवली. "करुना, चहात साखर जास्त टाक व. भाची आली आहे."

मी मनातल्या मनात नात्याची आकृती काढून पाहिली. माझ्यापासून रंभाबाईंपर्यंत पोचायला निदान चार लग्ने लागत होती. पण साखळी लांब आहे म्हणून बंध खोटा ठरत नाही, हे मी स्वतःच कैक वर्षे शिकाऊ मुलींना सांगत आले होते, त्यामुळे गप्प बसले. चहा फार गोड होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी झाडू घेतला. तो रंभाबाईंनी काढून घेतला. "भाचीच्या हाती झाडू पाहून गाव काय म्हनन?" मी भांड्यांकडे वळले, भांडी उचलली गेली. मी पहाटे उठून गुपचूप चादरी धुतल्या, तर मागच्या गल्लीतल्या केशरबाई कुंपणावरून पाहून गेल्या आणि नाश्त्याच्या वेळी अंगणात येऊन म्हणाल्या, "तुमची भाची अंधारात धुनं धुऊन राहिली होती. सासरी काही झालं का तिचं?" माझे लग्न झालेले नाही, हे कळल्यावर केशरबाईंना धुण्याचे कारण सापडले आणि त्यांनी हळहळून माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

थोडक्यात, मी बेकार झाले. पगार नसलेल्या कामावरूनही माणसाला घरी बसवता येते, हे मला नवीन होते.

करुणाने एका दुपारी तांदूळ निवडता निवडता मला खरे दुखणे सांगितले. ती कमी बोलते, पण बोलली की पुढे विचारायला काही उरत नाही. सासूला ती आत्याबाई म्हणते आणि सासऱ्यांना मामाजी.

"ताई, तुम्ही एकल्याच नाही. जो येते त्याचं असंच होते. अकोल्याचा इंजिनियर आला, तो भाचा निघाला. बंगलोरचे नवराबायको आले. मी म्हटलं, बंगलोरचं कोन आपलं असन? तं त्या बाईची कॉलेजातली मैत्रीन साकोलीची. आत्याबाई म्हने, साकोलीच्या पोरीची मैत्रीन म्हंजे साकोलीचीच पोरगी. जाताना लुगडं दिलं तिले."

"आणि भाडं?"

"सोयऱ्याकडून भाडं घेतात का?" तिने सुपातला खडा शोधून बाजूला टाकला. "मामाजीनं सांगून ठेवलं आहे. मंडईपर्यंत एक तरी भाड्याचा माणूस दाखव. नाही तं मागाची खोली मोतीलालभाऊले गोदामाले देतो."

दिवाळीनंतर इकडे गावोगावी मंडई भरते. दिवसा जत्रा, रात्री नाटक, आणि घराघरात उंबऱ्यापर्यंत पाहुणे. त्याच सुमारास नवा धान निघतो, आणि मोतीलालला पोती ठेवायला जागा लागते. मोतीलाल गावातला धानाचा व्यापारी, गोड बोलणारा, कोणाकडे गेला तरी नजरेने आधी खोली मोजणारा. भैय्याजींचेही, म्हणजे करुणाच्या सासऱ्यांचेही, चुकत नव्हते. बंद मागांची खोली त्यांना दिवसभर डोळ्यांसमोर दिसायची, आणि तिच्यात फुकट जेवून झोपलेले परके लोक दिसायचे, ज्यांना बायको भाचे म्हणायची.

"तुझं काय म्हणणं आहे?" मी करुणाला विचारले.

"माझं हे एकच काम आहे ताई," ती म्हणाली. "बाकी सगळं घरचं आहे."

त्या वाक्याने माझ्यातली स्वयंसेविका उठून बसली. मी प्रश्नाचा पद्धतशीर विचार केला. दोन पदार्थ एकत्र आले की अभिक्रिया होते. पाहुणा आणि रंभाबाई एकत्र आल्या की सोयरीक होते. पाहुण्याचे गुणधर्म बदलणे आपल्या हातात नाही, रंभाबाईंचे तर मुळीच नाही. मग दोघांचा संपर्कच टाळायचा. मागाच्या खोलीचे एकुलते एक दार अंगणात उघडते, आणि अंगणात चरखा. खोलीची मागची भिंत मात्र गल्लीला लागून. त्या भिंतीत एक दार केले, की पाहुणा गल्लीतून येईल, गल्लीतून जाईल, आणि जाताना भाडे देईल.

हा तर्क आजही मला बिनचूक वाटतो.

घरात मी 'हवा खेळती राहण्यासाठी' असे कारण सांगितले. ते खोटे नव्हते. दोन समोरासमोरच्या दारांतून वारा वाहतो, हे कोणीही तपासून पाहू शकते. भैय्याजींनी अडकित्त्यात सुपारी धरली आणि माझ्याकडे पाहिले.

"पाडा बाप्पा. मोतीलाललेही पोते काढाले बरं पडन."

ही संमती मला नको त्या दिशेने मिळाली होती, पण संमती ती संमती. मी तिचे बारकावे पाहिले नाहीत.

कोणत्याही कामाला गावात आधी सल्लागार मिळतात, मग गवंडी. पहिल्या केशरबाई आल्या. भिंतीच्या गल्लीकडच्या अंगावर त्यांच्या गोवऱ्या थापलेल्या असत, त्यामुळे त्या अंगाच्या मालक त्या. भिंतीच्या आतल्या अंगाचे तुम्ही पाहा, बाहेरचे मी पाहीन, अशी त्यांची भूमिका. गोवऱ्या हलवायला त्या तयार झाल्या, पण दार आपल्या दाराच्या समोर येता कामा नये, असे त्यांनी बजावले. "दाराले दार लागलं की दोन घरात भांडन होते." मी विचारले, "कधी झालं आहे का?" त्या म्हणाल्या, "आतापर्यंत नाही झालं. दारच नव्हतं ना."

या युक्तिवादातली चूक दाखवायला मला पाऊण तास लागला, आणि तेवढ्या वेळात भांडणाची बरीच पूर्वतयारी झाली. शेवटी दार दीड हात सरकवायचे ठरले. दीड हात सरकवल्यावर ते नेमके बुजवलेल्या खड्ड्यांपैकी एकाच्या डोक्याशी आले. इकडे कोणाचे लक्ष नव्हते. माझेही नव्हते.

मग ग्रामपंचायत. गल्ली सरकारी, म्हणून गल्लीत उघडणाऱ्या दाराला परवानगी. सचिव दोन गावांचे काम पाहायचे आणि बहुधा तिसऱ्याच गावात असायचे. भेटले तेव्हा मात्र मनापासून मदत करायला बसले.

"मॅडम, नवीन दार असन तं नकाशा लागते. जुन्या दाराची दुरुस्ती असन तं साधा अर्ज पुरते. दार जुनं आहे का नवीन?"

"दार अजून नाहीच."

"आधी कधी असन ना."

"भिंत पाहिली मी. कधीच नव्हतं."

सचिवांनी पेन खाली ठेवले. मला वाचवू पाहणाऱ्या माणसाला मी वाचवू देत नव्हते, आणि त्याचे दुःख त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. मी प्रयोगशाळेत एका थेंबाचाही फरक खोटा लिहिलेला नाही, इथे एक अख्खे दार कसे लिहू? तेवढ्यात रेशनच्या कामासाठी आलेल्या केशरबाई मागून म्हणाल्या, "होतं ना दार. माह्या सासूच्या वक्ताले होतं. मी सोता त्यातून आली गेली." अर्ज साधा झाला. बाहेर आल्यावर मी त्यांचे आभार मानले. त्या म्हणाल्या, "दार कुठचं बाप्पा. पन तुह्यासारख्या पोरीले किती वेळ उभं ठेवन तो मानूस."

गवंडी गुलाब याच्याकडे थापी होती, पहार होती, पण वेळ नव्हता. धानाची कापणी तोंडावर आली होती आणि गवंडी असला तरी त्याचा धान काही दुसऱ्याने कापला नसता. तो दोन दिवस देतो म्हणाला. चौकट आणायला मी तुमसरला निघणार, तोच मोतीलाल हातगाडीवर सागवानी चौकट घालून हजर.

"जुन्या गोदामाची आहे. पडलीच होती. घ्या ताई, तुमच्या हवेसाठी," तो म्हणाला. "पैशाची गोष्ट नका करू."

मी नको म्हणायला तोंड उघडले. भैय्याजींनी आधीच चौकटीवर थाप मारून लाकूड वाजवून पाहिले होते. चौकट भरभक्कम होती, आणि तिच्यातून भरलेली हातगाडी अंग न घासता जाईल एवढी रुंद होती. दार चौकटीएवढे करावे लागले. गुलाबने पहार घातली, मातीच्या विटा होत्या, त्यांनी फारसा विरोध केला नाही, उलट शेजारच्या विटांनाही सोबत घेतले. संध्याकाळी भिंतीत जे भोक होते ते चौकटीपेक्षाही ऐसपैस होते. गुलाब त्याच्याकडे पाहून म्हणाला, "उद्या लावून टाकतो जी," आणि कापणीला निघून गेला.

चौकट भिंतीला टेकवून ठेवली. भोकावर रंभाबाईंचे जुने लुगडे टांगले. लुगड्याला कडी लावता येत नसल्यामुळे केशरबाईंच्या बकऱ्या आत येऊ लागल्या. त्यांतली एक जेवण झाल्यावर दाराजवळच्या पलंगावरच बसे, आणि मी हाकलले तर माझ्याकडे अशा नजरेने पाही की हॉस्टेलात नेमके कोण कामाचे आणि कोण आगंतुक, असा मलाच प्रश्न पडे. गल्लीतले सांडपाणी आत झिरपून तो खड्डा खचला, आणि त्या पलंगाचा एक पाय गुडघाभर जमिनीत गेला. बकरीने पलंग बदलला.

गुलाब परत आला, चौकट बसली, दार लागले. ते पाहायला मोतीलालही रिकामी हातगाडी घेऊन आला होता. त्याने दार दोन वेळा उघडले, दोन वेळा लावले, आणि समाधानाने मला म्हणाला, "शिकलेल्या मानसाचं काम वेगळंच असते ताई." करुणा शेजारी उभी होती. तिने फक्त रिकाम्या हातगाडीकडे पाहिले, मग दाराच्या रुंदीकडे. मी तिच्या हॉस्टेलला मदत करायला आले होते, आणि माझ्या हातून गोदामाचे दार झाले होते, सरकारी परवानगीसकट.

त्या रात्री मला जेवण गेले नाही. रंभाबाईंनी माझी दृष्ट काढली.

मंडई तीन दिवसांवर आली तेव्हा इंटरनेटवरून एका बाईंची नोंदणी आली. निरुपमा सैकिया, वय त्रेसष्ट, आसामच्या जोरहाटच्या, शाळेतून निवृत्त झाल्यावर एकट्या देश पाहत निघालेल्या. करुणाने फोन माझ्यासमोर धरला आणि हळूच म्हणाली, "आसाम, ताई." आम्ही दोघींनी तो शब्द एखाद्या औषधासारखा मनात धरला. रंभाबाईंच्या सोयरिकीचा नकाशा पूर्वेला रायपूरपर्यंत जातो. त्यापुढे कोरी जागा.

घर तोवर मंडईच्या पाहुण्यांनी भरले होते. रंभाबाईंनी सोयऱ्यांना मागाच्या खोलीतले पाच पलंग देऊन टाकले होते. उरला तो खड्ड्यातला. करुणाने त्याच्या पायाखाली विटा रचल्या, चादर घातली, आणि त्यावर स्वतःची पेटी ठेवून तो दिवसभर राखला.

निरुपमाबाईंना आणायला मी मोठ्या रस्त्यावर गेले. बाई ठेंगण्या, काटक, पाठीवर माझ्याहून मोठी बॅग. दोघींची हिंदी कामापुरतीच होती. तलावाच्या पाळीवरून त्यांना लांबच्या वाटेने मागच्या गल्लीकडे नेताना मी सूचना दिल्या. घर कुठले, माहेर कुठले, आडनाव काय, नातेवाईक कुठे, असे कोणी विचारले तर शक्यतो उत्तर देऊ नका.

त्या थांबल्या. "क्यों? लोग ठीक नहीं हैं?"

"बहुत अच्छे हैं," मी म्हणाले. "वही तो."

गल्ली रिकामी होती. केशरबाईसुद्धा नव्हत्या. मी माझ्या दाराला हात लावला, आणि ते आतून उघडले. दारात चरखा होता. चरख्यामागे रंभाबाई.

"अंगनात लय गर्दी झाली," त्या म्हणाल्या. "अन इथं वारा चांगला लागून राहिला. बरं केलं व माला तू हे दार."

विजयमाला हे माझे नाव त्या घरात केव्हाच आखूड झाले होते. मी दोन्ही दारांमधून वाहणाऱ्या वाऱ्यात उभी राहिले. वारा खरोखरच चांगला होता.

"कहाँ से आये बाई?" चौकशी सुरू झाली.

"असम से."

रंभाबाई थबकल्या. त्यांना आसाम आठवत होते, असे मला दिसले, पण तिथे कोणी दिलेले आठवत नव्हते. "उधर से इधर कोई दी है? तुम्हारी बहन, भतीजी?"

"कोई नहीं."

मी सुटकेचा श्वास घेतला. निरुपमाबाईंनी गळ्यातल्या पांढऱ्या, लाल काठाच्या पंच्यासारख्या कापडाने घाम पुसला. रंभाबाईंची बोटे पुढे झाली. त्यांनी ते कापड धरले, काठ उलटा केला, नखाने चाचपला.

"ये किसने बुना?"

"मैंने. घर में करघा है. माँ का था." करघा म्हणजे माग, हे रंभाबाईंना सांगावे लागले नाही.

रंभाबाई उठल्या. गुडघ्यांची कुरकुर आम्हाला ऐकू आली. त्यांनी निरुपमाबाईंच्या बोटांची पेरे उलटीसुलटी पाहिली, मग आपली दाखवली. दोरा जिथून धावतो तिथे दोघींच्याही बोटांना सारखीच रेघ होती.

"करुना," त्या म्हणाल्या, "चहात साखर टाक व. बहीन आली आहे."

पुढचे दोन दिवस त्या दोघी वेगळ्या झाल्या नाहीत. दोघींना एकमेकींचे निम्मे शब्द कळत नव्हते आणि त्यावाचून काही अडतही नव्हते. बंद मागाची एक फणी माळ्यावरून खाली काढली गेली. तिच्यावरून संध्याकाळभर वाद झाला. किल्ल्यावर करुणा पाहुणीला घेऊन गेली, आणि परत आल्यावर निरुपमाबाई मला बाजूला घेऊन विचारू लागल्या, की पैसे कोणाकडे द्यायचे. त्यांनी एकदा ते उशीखाली ठेवले होते, ते चिवड्याच्या पुडीत घालून रंभाबाईंनी त्यांच्या बॅगेत परत बांधले होते. "मुझे शर्म आ रही है," त्या म्हणाल्या. मी म्हणाले, मलाही येते आहे, आणि माझी तर जुनी आहे.

मंडईच्या दिवशी सकाळी त्या निघाल्या. अंगण सोयऱ्यांनी गच्च भरलेले, हातात चहाच्या बश्या. भैय्याजी खुर्चीवर. मोतीलालही आला होता, मागच्या दाराशी पोत्यांची पहिली हातगाडी लावून. घाई नाही, असे तो सर्वांना सांगत होता. भैय्याजींनी करुणाकडे पाहिले. रागाने नव्हे. त्यांनाही हे विचारणे फार आवडत नव्हते.

"पोरी, मंडई आली," ते म्हणाले. "भाड्याचा मानूस कोठी आहे?"

करुणाने डोक्यावर पदर घेतला, अंगण ओलांडून निरुपमाबाईंसमोर आली, आणि वाकून त्यांच्या पाया पडली.

अंगणात एकदम चुळबुळ झाली. कारण सगळ्यांना कळले, एक निरुपमाबाई सोडून. मी सगळ्यांच्या मागोमाग, जरा उशिरा, समजले आणि त्यांच्या कानाशी गेले. तुम्ही रंभाबाईंच्या बहीण, म्हणजे करुणाच्या मावससासू. मावससासूने सुनेला पहिल्यांदाच पाहिले आहे, आणि सून पाया पडली आहे. आता तिच्या हातावर काही ठेवल्याशिवाय मावससासूला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकता येत नाही.

निरुपमाबाई शिक्षिका होत्या. त्यांना दोनदा सांगावे लागले नाही. चिवड्याची पुडी सुटली, आणि त्या दोन दिवस जे द्यायला धडपडत होत्या ते सगळे करुणाच्या तळहातावर आले.

"असू द्या व बहीन, कायले," रंभाबाई म्हणाल्या, पण रिवाजाप्रमाणे म्हणतात तितकेच. मावससासूचा हात अडवला तर ती बहीण राहत नाही, आणि ती बहीण आहे हे त्यांनीच गावभर सांगितले होते.

भैय्याजींनी सुपारी तोंडात टाकली. ते न्यायाला पक्के. "हे भाडं नाही होत," ते म्हणाले. "हे पाया पडनी आहे."

"हो मामाजी," करुणा म्हणाली. "सुनेची आहे. म्हंजे माही."

"तुहीच. कोन नाही म्हनते?"

"मंग हे घ्या." ती त्यांच्या खुर्चीशी गेली आणि ओंजळ पुढे केली. "मागाच्या खोलीचं भाडं. मोतीलालभाऊच्या पोत्याआधी मी मागतो खोली."

भैय्याजींनी हात असे मागे घेतले की खुर्ची हलली. अंगणातल्या बश्या जागच्या जागी थांबल्या. लाखनीची आत्या, गोंदियाचे जावई, तुमसरची ती माझ्या मावसबहिणीची नणंद, जिला मी त्या दिवशीच पहिल्यांदा पाहत होते, सगळे भैय्याजींकडे पाहत होते.

"सुनेकडून भाडं घेऊ मी?" ते म्हणाले. "भर मंडईत?"

"नका घेऊ," केशरबाई कुंपणाकडून म्हणाल्या. "पन सून मागून राहिली तं बाहेरच्याले देशीन कसा गा?"

मोतीलालने काही बोलायला तोंड उघडले. रंभाबाईंनी त्याच्या हातात चहाची बशी दिली. बशी हातात असलेला माणूस इकडे सौदा करत नाही. सून भाडे देते आहे म्हणून घेता येत नाही, आणि सून भाडे देते आहे म्हणून दुसऱ्याकडूनही घेता येत नाही. मी हा पेच दोन्ही बाजूंनी तपासला. त्याला तिसरी बाजू नव्हती.

"मोतीलाल," शेवटी भैय्याजी म्हणाले, "पोते माह्या ओसरीवर टाक यंदा. पुढच्या साली दुसरी जागा पाय."

करुणाने ओंजळ मिटली. ती हसली नाही. तिने पदर नीट केला आणि निरुपमाबाईंची बॅग उचलून त्यांच्यासोबत मोठ्या रस्त्यापर्यंत गेली. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, आणि मागाच्या खोलीत झोपलेले मंडईचे पाहुणे, जत्रा आणि नाटक पाहून तिकडूनच गावाला जायचे म्हणून, आवराआवर करून एकेक करत बाहेर येत होते. करुणा खोलीच्या दाराशी उभी राहिली. लाखनीच्या आत्याच्या ती पाया पडली. आत्याने एक क्षण तिच्याकडे पाहिले, एक क्षण रंभाबाईंकडे, आणि कमरेची पिशवी सोडली. मग गोंदियाचे जावई. त्यांनी मागच्या दाराकडे पाहिले, पण तिथे पोत्यांची हातगाडी आडवी होती.

मी बऱ्याच हॉस्टेलांमधून निघताना हिशेब चुकते केले आहेत. यजमान आधी वाकतो आणि पाहुण्याला मग पळता येत नाही, अशी पद्धत मी दुसरीकडे पाहिली नाही. तिच्यात माझा वाटा काही नाही, एक रुंद दार सोडले तर, आणि तेही त्या वेळी बंद होते.

दुपारी भैय्याजी नवे धोतर नेसून जत्रेला निघाले. अंगणाच्या तोंडाशी करुणा समोर आली आणि सवयीने वाकली. भैय्याजींचा हात खिशाकडे गेला, आणि मध्येच थांबला.

"मी कोठी गावाले नाही चाललो व पोरी," ते म्हणाले. "मी घरचाच आहो."